एक दशांश

मेरिक स्टॉडार्डच्या दुकानात, गळाच्या डब्यांमागे,
काचेखाली तीन काटे.
एक हिरव्या आकड्यांचा, तळहाताएवढा.
एक स्वतःच दारू ओततो, स्वतःच थांबतो,
आणि किंमत ऐकून आपण थांबतो.
तिसरा दांडीचा, आमच्या गॅरेजमध्ये आहे तसाच,
फक्त त्याला अजून कुणाची सवय नाही.

दारू म्हणजे बंदुकीची.
दुसरी बाबांनी शहाऐंशी साली सोडली,
तीही मोजूनच : आज नाही, आज नाही, आज नाही.

"कशासाठी भरतेस?" मेरिक विचारतो.
एल्कसाठी. बंदूक बाबांची.
"आणि हात?"
हातही बाबांचेच. तिथेच तर अडलंय.

तो पुढे विचारत नाही. सॅमन गावात
कुणाचा कप बशीत वाजतो, हे सगळ्यांना ठाऊक.
हिरव्या काट्यावरून बोट फिरवत सांगतो :
हा झटपट, पण नाजूक मनाचा.
फ्रीज घरघरला की आकडा सरकतो,
ट्यूबलाइटखाली बिचकतो,
खिशातल्या फोनचीही त्याला धास्ती.
दांडीवाला सावकाश, पण त्याला वीज लागत नाही.
वारा तेवढा चालत नाही.

मग खणातून एक डबी काढतो, काडेपेटीएवढी.
आत पितळेची वजनं, नखाएवढी, आणि चिमटा.
"आधी ही ने, अर्डिथ. काटा कुठलाही असो,
त्याला खोटं पाडणारं काहीतरी घरात हवं."

काटा घ्यायला गेले, वजनं घेऊन आले.

गॅरेजमधला हीटर बंद केला. दार लावलं.
बाबा खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी,
उजवा हात डाव्याखाली दाबून धरलेला,
खोडकर मूल धरावं तसा.
वीस ग्रेनचं वजन चिमट्याने पारड्यात ठेवलं.
दांडी हलली, हलली, थांबली.
दोन दशांश कमी.

ग्रेन म्हणजे कधीकाळी जवाचा एक दाणा.
त्याचे दोन दशांश म्हणजे
सोनारही फुंकून टाकेल इतकी धूळ.
पण आम्ही दोघं त्या दोन रेघांकडे बघत राहिलो
डॉक्टरांच्या कागदाकडे बघितलं होतं तसं.

"म्हणजे वहीतलं सगळं," बाबा म्हणाले.
एकोणऐंशीपासूनची वही. तारीख, थंडी, वजन,
कुठल्या उतारावर, किती पावलांवर.
सगळंच नसेल चुकलं, मी म्हणाले,
आणि चुकलं असेल तर रोज तेवढंच.
आई नाही का म्हणायची,
ऑर्व्हल उशिरा येतो, पण त्याच्या उशिरावर
घड्याळ लावून घ्यावं.

ते हसले नाहीत. म्हणाले, "पात्याखाली बघ."
दांडी जिथे टेकते त्या अकीकाच्या खाचेत
केस. पांढरा, आखूड.
त्यांचा, किंवा गेल्या साली मेलेल्या कुत्र्याचा.
फुंकू नकोस, म्हणाले. ब्रशने काढला.
पाय समतल केला, शून्य लावलं,
वजन पुन्हा ठेवलं. दांडी विचार करत राहिली.
वीस.

पुढचं काम नेहमीचं, फक्त जागा बदलल्या.
चमचा माझ्या हातात, नजर त्यांची.
"अजून."
चमच्याच्या कडेवर मी बोटाने टिचकी मारते,
चार दाणे पडतात, कदाचित पाच.
"अजून." लेमहायच्या खोऱ्यात कुठेतरी ट्रक जातो,
आम्ही तो जाईपर्यंत थांबतो.
"अजून. बस."

रात्री वहीत त्यांनी मला लिहायला लावलं :
काट्यात केस सापडला. कधीपासून, माहीत नाही.
त्याखाली रेघ ओढ, म्हणाले, पट्टी घेऊन.

मेरिककडे तो हिरवा काटा मी बाजूला ठेवायला सांगितलाय,
नाताळपर्यंत.
कधीतरी डोळेही हलू लागतील.
हे वहीत लिहिलेलं नाही.